बिनकष्टाची चकाकी

वारज्यात राहणाऱ्या माणसानं काळी गाडी घेऊ नये, असं मला ओळखीच्या सगळ्यांनी बजावलं होतं. पण शोरूमच्या दिव्यांखाली तो रंग इतका खानदानी दिसत होता, की मी तिथल्या तिथे चेक फाडला. गाडी घरी आणली आणि आठवडाभरात शेजारच्या पोरानं बॉनेटवरच्या धुळीत बोटानं स्वतःचं नाव, इयत्ता आणि तुकडी लिहून ठेवली. अक्षर चांगलं होतं.

आमच्याकडं धुळीतसुद्धा निवडीला वाव आहे. मुंबई-बंगळुरू बायपासवरून उडते ती काळपट आणि तेलकट, बोटाला चिकटणारी. माळवाडीपासून पुढं जिकडंतिकडं उभ्या राहणाऱ्या इमारतींची पांढुरकी, सिमेंटची. तिच्यावर पाणी पडलं की तिचा गिलावा होतो. आणि हे सगळं घडलं त्या २०२२ साली चांदणी चौकात डोंगर पोखरून रस्ते रुंद करायचं काम जोरात होतं, त्यामुळं मुरमाची तांबूस धूळही मिळायची. त्यातच सोसायटीच्या पार्किंगच्या सोडतीत मला आलेली जागा पर्जन्यवृक्षाखालची. झाड डेरेदार, सावली गर्द. त्यावरून एक अदृश्य चिकट पदार्थ गळतो आणि त्याच्यावर वारज्याचे यच्चयावत कावळे मुक्कामाला असतात, हे सोडतीच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं.

पहाटे बार्शीकडचा एक पोरगा येऊन ओळीनं सगळ्यांच्या गाड्या पुसायचा. महिना सहाशे. पाडव्याच्या सुमाराला तो म्हणाला, "काका, आता सातशे करावं लागतंय." शंभर रुपयांचा प्रश्न नव्हता, असं मी हिला सांगितलं. प्रश्न तत्त्वाचा होता. पुण्यात शंभर रुपये वाचवायचे असले की प्रश्न तत्त्वाचाच असतो. शिवाय मी एकदा गच्चीतून पाहिलं होतं: तो एका बादलीत अख्खी ओळ उरकतो आणि माझी गाडी ओळीत शेवटची. म्हणजे मी महिना सहाशे रुपये देऊन बाकीच्यांची धूळ विकत घेत होतो. मी त्याला बाणेदारपणे सांगितलं, की यापुढं माझी गाडी मी पाहीन.

"तुम्ही?" ही म्हणाली. तिनं एवढंच म्हटलं.

मला कष्टांचं वावडं आहे असं नाही. दुसरा कुणी कष्ट करत असला तर मी तासन्तास उभा राहू शकतो. पण गाडी धुणं या प्रकारात वाकावं लागतं, बादल्या उचलाव्या लागतात आणि पार्किंगमध्ये येणारा-जाणारा प्रत्येक माणूस थांबून सल्ला देतो. म्हणून मी ठरवलं, की गाडी अशी धुवायची की गाडीला कळेल पण कमरेला कळणार नाही.

पहिला उपाय निसर्गावर सोपवला. मे महिन्यात एका दुपारी सिंहगडाच्या बाजूनं आभाळ भरून आलं, तसा मी लगबगीनं गाडी झाडाखालून काढून उघड्यावर नेऊन लावली आणि चहाचा कप घेऊन खिडकीत बसलो. वळीव धो धो कोसळेल, गाडी लखलखीत होईल, महापालिकेचं थेंबभर पाणी खर्ची पडणार नाही. पडले ते टपोरे थेंब, मोजून दहा मिनिटं. वळवाचा पहिला पाऊस हवा धुतो. हवेतली सगळी धूळ थेंबात घेऊन खाली येतो आणि मिळेल त्यावर ठेवतो. गाडीवर तपकिरी ठिपक्यांची दाट नक्षी उमटली. मागची काच चार बोटं उघडी राहिली होती, त्यामुळं सीटही धुऊन निघाली. ते संध्याकाळी लग्नाला जाताना हिच्या पैठणीला कळलं.

मग मी लांब दांड्याची, सुती धाग्यांची झटकणी आणली. ही वस्तू माझ्या वृत्तीला फारच मानवली. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात झटकणी. ऑफिसला निघता निघता दोन फटकारे मारले की गाडी चकाचक. पंधरा दिवस मी खालच्या मजल्यावरच्या काकांना या पद्धतीचे फायदे ऐकवत होतो. काका निवृत्त इंजिनिअर. त्यांनी एका रात्री मला हाताला धरून गाडीपाशी नेलं आणि मोबाइलचा दिवा बॉनेटवर धरला. त्या उजेडाभोवती शेकडो बारीक ओरखड्यांची गोल जाळी दिसली. काका प्रसन्न झाले. कुणाचं नुकसान शास्त्रशुद्ध असलं की ते नेहमीच प्रसन्न होतात.

त्यांनी मला तिथंच उभं करून समजावलं. गाडीच्या पत्र्यावर आधी प्रायमर, मग रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक लेप, म्हणजे क्लिअर कोट. चमक असते ती त्या लेपाची. त्याची जाडी साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी. आणि आपल्याकडं बांधकामाला वापरतात ती खडी नि क्रश सँड आपल्याच काळ्या बसाल्टची. तिचा कण त्या लेपापेक्षा कितीतरी कडक. "तुम्ही धूळ झटकत नव्हता," काका म्हणाले, "तुम्ही सह्याद्रीनं गाडी घासत होता." पांढऱ्या गाडीवरही अशी जाळी पडते, पण ती दिसत नाही. काकांची गाडी पांढरी आहे.

कोरडं नको तर ओलं, म्हणून एका रविवारी मी बागेची नळी लावली. नळीतून मिनिटाला सहज दहा-पंधरा लिटर पाणी जातं, आणि ते सेक्रेटरींच्या घरात ऐकू जातं. ते बनियनवर खाली आले. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चारही धरणांत मिळून किती टीएमसी मावतं (एकोणतीसच्या आसपास) आणि त्या दिवशी किती उरलंय, हे त्यांना तोंडपाठ होतं. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यानं गाड्या धुऊ नका अशी महापालिकेची तंबी असते, हे त्यांनी मला वॉचमनमामांच्या समोर वाचून दाखवलं. वारज्याचं जलशुद्धीकरण केंद्र हाकेच्या अंतरावर, आणि तरी दुरुस्तीच्या गुरुवारी आमच्या नळाला पाणी नाही, याबद्दल बोलायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण त्यांनी बोअरच्या पाण्याची परवानगी दिली, म्हणून गप्प बसलो.

बोअरचं पाणी म्हणजे द्रवरूप दगड. धुऊन झाल्यावर पुसायचे कष्ट नकोत म्हणून मी गाडी उन्हात वाळत ठेवली. तासाभरात पाणी उडून गेलं आणि क्षार राहिले. काळ्या गाडीवर पांढरे गोल, छतापासून दारापर्यंत. ती गाडी पाहून पलीकडच्या इमारतीतल्या एका बाईंनी हिला विचारलं, की तुम्ही रंग बदलायला दिलाय का. लिंबू पिळून, पाणी मिसळलेलं व्हिनेगर लावून त्यातले निम्मेअर्धे डाग निघाले. बाकीचे माझ्याबरोबर आहेत.

यानंतर मात्र मला जे सापडलं ते खरोखर चांगलं होतं, आणि हे मी चेष्टेनं सांगत नाही. एक द्रव मिळतो. अर्ध्या बादली पाण्यात त्याचं बूचभर टाकायचं. त्यातली पॉलिमरं धुळीच्या कणाला वेढून पत्र्यावरून अलगद उचलतात. नंतर पाण्यानं खळबळायचं नाही, नुसतं कोरडं पुसायचं. पाण्याचा टँकर मागवावा लागतो त्या आठवड्यातही अख्खी गाडी अर्ध्या बादलीत होते. अट एकच: मायक्रोफायबरची सात-आठ फडकी आधी त्या पाण्यात भिजवून ठेवायची. एका फडक्याच्या घड्या घालायच्या, म्हणजे आठ बाजू मिळतात. एका बाजूनं एक भाग, छतापासून सुरू करून खाली, आणि मळलेलं फडकं पुन्हा बादलीत बुडवायचं नाही. चिखल असला तर आधी दोन मग पाणी ओतायचं. इतकं पाळलं तर गाडी निघते. माझी निघाली. त्या दिवशी मी संध्याकाळी उगाचच कर्वेनगरपर्यंत चक्कर मारून आलो.

पण आठ फडकी धुवायची कुणी? ती मी हळूच वॉशिंग मशीनमध्ये घरच्या कपड्यांबरोबर टाकली. त्यात मुलीचा लोकरी स्वेटर होता आणि कपडे मऊ करणारं ते निळं औषधही. मायक्रोफायबरचे तंतू टोकाशी चिरलेले असतात, म्हणून ते धूळ धरतात. त्या औषधाचा थर बसला की ते बोथट होतात. मशीनमधून निघालेल्या फडक्यांनी पुढच्या वेळी धूळ धरली नाही. लोकर मात्र घट्ट धरून ठेवली होती, ती त्यांनी गाडीला दिली.

"म्हणजे गाडी धुवायचे कष्ट वाचले," ही म्हणाली, "ते मशीनकडं आले. आणि मशीनकडं मी असते."

तोवर नवरात्र आलं. सासूबाई नऊ दिवसांसाठी आमच्याकडं होत्या. दसऱ्याला गाडीची पूजा होणार, त्याआधी गाडीला मेण लावून कायमची चिंता मिटवायची असं माझ्या मनानं घेतलं. एकदा मेण लागलं की पाणी टिकत नाही, धूळ चिकटत नाही, पुढं महिनोन्महिने नुसता फडका फिरवायचा. आज थोडे कष्ट, मग वर्षभर आळस. या हिशेबानं तर लोक विम्याचे हप्ते भरतात.

मी मागवलेलं मेण कार्नौबाचं होतं. ब्राझीलच्या ईशान्य भागात एक ताड असतो, त्याच्या पानांवर उन्हापासून बचावासाठी हे मेण येतं. वितळायला ऐंशी अंशांच्या वर तापमान लागतं, म्हणजे नैसर्गिक मेणांत सर्वांत कडक. चॉकलेटच्या गोळ्यांना आणि औषधाच्या गोळ्यांना चकाकी देतात तेही हेच. मी ही माहिती जेवताना दिली. सासूबाईंनी विचारलं, "उपासाला चालतं का?"

मुहूर्त धरला २ ऑक्टोबरचा. गांधी जयंती, रविवार, स्वावलंबनाला याहून चांगला दिवस नाही. पण आदल्या रात्री चांदणी चौकातला जुना पूल स्फोटकांनी पाडायचा होता. नोएडाचे जुळे मनोरे ज्यांनी ऑगस्टमध्ये पाडले तीच मंडळी, सगळा रस्ता बंद, अख्खं पुणं टीव्हीसमोर. मीही बसलो. रात्री एकच्या सुमारास स्फोट झाला, धुळीचा लोट उठला, आणि तो विरल्यावर दिसलं की पुलाचा बराचसा भाग जागच्या जागी आहे. आतल्या सळयांनी दाद दिली नव्हती. उरलेला मग यंत्रांनी तोडला. तो शेवट पाहिल्याशिवाय झोप येईना. परिणामी पहाटे सहाला लावायचं मेण मी सकाळी अकराला, ऑक्टोबर हीटमध्ये, उघड्यावर लावायला घेतलं.

डबीवर सूचना होत्या: गाडी सावलीत, पत्रा थंड, थर अगदी पातळ. अक्षर बारीक होतं आणि चष्मा वर राहिला होता. चष्म्यासाठी चार मजले चढायचे म्हणजे कष्ट. मी थालीपिठावर लोणी थापावं तसं मेण थापलं, एकदम सगळ्या गाडीला. एकेक भाग लावून पुसत बसण्यापेक्षा सगळं लावायचं आणि सगळं एकदम पुसायचं, अशी माझी योजना. काळा पत्रा इतका तापला होता की मागच्या दारापर्यंत पोचेस्तोवर पुढचं बॉनेट पांढरं खडक झालं होतं. फडका फिरवला. काही झालं नाही. जोर लावला. फडका हातात चिकटून राहिला आणि मेण जागच्या जागी. आदल्या रात्री पाहिलेल्या पुलाची मला सहानुभूतीनं आठवण झाली.

पुसायला रविवार गेला, सोमवार संध्याकाळ गेली. उजव्या खांद्याला मी नावानं ओळखू लागलो. वॉचमनमामांनी डावी दोन दारं घेतली. काकांनी टॉर्च धरला. सेक्रेटरी नुसते उभे होते, पण तळमळीनं. डिकीपर्यंत येता येता मी मनाशी ठरवलं की मागची बाजू तशी कोण बघतो, आणि तिथल्या डाव्या कोपऱ्याला मुळात मेण लावायचंच राहिलंय हेही तेव्हाच लक्षात आलं. मी ते दैवी कृपा समजून सोडून दिलं.

रंगाचा पत्रा उजळला, पण बंपरच्या आणि आरशांच्या काळ्या खडबडीत प्लास्टिकवर मेण खाचांत शिरून पांढरं पडलं होतं. हे डाग पाण्यानं जात नाहीत, साबणानं जात नाहीत. दाण्याच्या लोण्यानं जातात, असं मी वाचलं होतं: त्यातलं तेल मेणाला सोडवतं आणि दाण्याचा भरड कण खरवडून काढतो. आमच्या घरात दाण्याचं लोणी नव्हतं. पण नवरात्र होतं, म्हणजे दाण्याचं कूट डबाभर होतं. मंगळवारी खंडेनवमीच्या सकाळी, घरात हत्यारांची नि अवजारांची पूजा मांडली जात असताना, मी खाली बंपरला कूट चोळत बसलो होतो.

आणि डाग गेले! हे मी छातीठोक सांगतो. दाण्याच्या कुटाला चार थेंब तेल लावून जुन्या टूथब्रशनं घासलं तर मेणाचा पांढरा डाग प्लास्टिकवरून जातो. फक्त नंतर ते कूट नीट धुवावं लागतं. मी ते पुसलं. दुपारी चारच्या सुमारास मुंग्यांची रांग पर्जन्यवृक्षाच्या बुंध्यापासून निघून पुढच्या चाकावरून चढून बंपरमध्ये शिरत होती, आणि तिकडं वर साबुदाण्याच्या खिचडीत कूट का नाही यावर सासूबाई आणि ही यांच्यात चर्चा सुरू होती.

दसऱ्याच्या सकाळी गाडी खरोखरच दिसत होती. झेंडूचा हार आरशासारख्या बॉनेटवर दुप्पट दिसत होता. जमलेल्या लोकांत मी मागं हात बांधून उभा होतो, सहज उभं राहिल्यासारखा. हिनं ताम्हनातलं ओलं कुंकू अनामिकेवर घेतलं आणि बॉनेटवर स्वस्तिकाची पहिली रेघ ओढली.

रेघ राहिली नाही. ती आक्रसली, तिचे पाच-सहा लाल मणी झाले, मण्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि ते घरंगळत वायपरच्या खाली गेले. मेण असंच काम करतं. पाण्याला पसरू देत नाही, गोळा करून हाकलून देतं. ही गोष्ट जाहिरातीत फार सुंदर दिसते. हिनं दुसऱ्यांदा रेघ ओढली. पुन्हा मणी. तिसऱ्यांदा कुंकू घट्ट कालवून पाहिलं, तर ते गोळा होऊन लोगोवर जाऊन बसलं. पांढऱ्या साडीतल्या एका आजींनी तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई, कुंकू टिकत नाहीये," सासूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या आणि माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी नकळत स्वतःची नाडी चाचपली.

"मेण आहे हो त्यावर," मी म्हणालो.

"जावईबापू, सणासुदीला सवाष्णीच्या हातचं कुंकू ओघळतंय, आणि तुम्ही मेणाचं काय सांगताय!"

काकांनी पृष्ठताणावर बोलायला सुरुवात केली, पण त्यांना कुणी बोलू दिलं नाही. मग सासूबाईंच्या आज्ञेवरून कुंकू टिकेल अशी जागा शोधायला ही गाडीभोवती प्रदक्षिणा घालू लागली. डावं दार, ओघळलं. छत, ओघळलं. मागची काच, ओघळलं. सगळी मंडळी मागोमाग. डिकीच्या झाकणाच्या डाव्या कोपऱ्यात तिनं बोट टेकवलं आणि स्वस्तिक उमटलं. चारही टिंबांसकट, ठसठशीत, छापल्यासारखं. सासूबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. टाळ्या वाजवायचं तेवढं राहिलं.

हिनं त्या कोपऱ्याकडं नीट पाहिलं, मग बॉनेटकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"इथं लावायचं राहिलं का हो?"

मी सोनं वाटायला निघून गेलो.

दिवाळीच्या आत खांदा बरा झाला नाही, आणि मेण लावलेल्या काळ्या गाडीवर धूळ कमी चिकटते हे खरं असलं तरी जी बसते ती आधीपेक्षा दुप्पट उठून दिसते. बार्शीचा पोरगा पहाटे शेजारची गाडी पुसत होता. मी खाली जाऊन, सहज बोलतोय असं दाखवत, सातशेचं काय म्हणालो. तो म्हणाला, "करू की काका." मग भिंतीकडेच्या माझ्या पसाऱ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "ते डबडं टाकणार असाल तर मला द्या." डबी, त्या द्रवाची बाटली, फडकी, सगळं त्याला देऊन मी मोकळा झालो. घड्या कशा घालायच्या ते मी दाखवायला गेलो. त्याला ते माझ्याआधीपासून ठाऊक होतं, एवढंच की आजवर त्याला कुणी आठ फडकी दिली नव्हती.

महिनाभरात सोसायटीतल्या निम्म्या गाड्या चमकायला लागल्या. काकांची पांढरीसुद्धा. तो पहाटे, थंड पत्र्यावर, बोटभर मेणात अख्खं दार उरकायचा. डबी अजून अर्धी शिल्लक होती. नव्या महिन्याला त्यानं वॉचमनच्या खोलीवर वहीच्या पानावर दर लिहून लावले: साधी सातशे, मेणवाली हजार. माझं नाव मेणवालीत, सगळ्यांत वर.

"काळी आहे ना काका, काळीला साधी चालतच नाही," तो म्हणाला. "आणि हजारात मेणाचे पैसे धरलेले नाहीत बरं का तुमच्याकडनं. मेण तुमचंच आहे."